बुसानमध्ये (कोरिया) सात दिवस: सासूबाईंचे गुडघे, चातुर्मास आणि नववीतली मुलगी. मदत हवी!

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. नवऱ्याचं कंपनीचं काम निघालंय बुसानला, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. गुरुवार-शुक्रवार मीटिंगा आहेत, तेवढ्या दिवसांचं हॉटेल कंपनी देतेय, हेउंदे नावाच्या भागात. मग म्हटलं एवढं एक तिकीट फुकट पडतंय तर उरलेली तीन आपण काढू. बुधवारी संध्याकाळी पोचायचं, पुढच्या गुरुवारी निघायचं. माणसं चार: आम्ही दोघं, मुलगी (नववी, कोरियन गाणी आणि मालिका तोंडपाठ, कोरियन अक्षरं वाचता येतात, भूगोलाचा पेपर मात्र विचारू नका) आणि सासूबाई, वय ६८, गुडघे कुरकुरतात. त्या पूर्ण शाकाहारी, आणि हो, तेव्हा चातुर्मास असणार, म्हणजे कांदा-लसूणही बंद.

मी केलेला प्लॅन असा: गुरुवार-शुक्रवार बुसान, शनिवारी विमानाने जेजू बेट, रविवार जेजू, सोमवारी सकाळी सोल, मंगळवारी राजवाडा, बुधवारी सोलमधलं बाकीचं, गुरुवारी तिथूनच परत. नवरा म्हणतो जरा जास्त होतंय. मुलगी म्हणते सोल वाढवा. सासूबाई म्हणतात मला कुठेही बसवा, मी बसते. जाणकारांनी प्लॅनची चिरफाड करावी.

सह्यभटका
हा प्लॅन आहे की पोलीस भरतीची फिजिकल? सासूबाईंना हळदी-कुंकवाऐवजी आयोडेक्स द्या. (हलके घ्या.)

भोचक भवानी
आठ दिवसात तीन शहरं, दोन विमानं आणि एक सासू. माझा तुम्हाला साष्टांग नमस्कार.

चांगवॉनकर
ताई, मी दोन वर्षं चांगवॉनला होतो, बुसानपासून बसने तासाभरावर. चांगवॉनला शनिवारी करण्यासारखं फारसं काही नसायचं त्यामुळे बहुतेक शनिवार बुसानमध्ये काढलेत. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिलं म्हणजे जेजू काढा. विमान तासाभराचंच आहे पण आवरा, चेक-आउट, विमानतळ, बॅगा, पुन्हा हॉटेल, यात जाताना अर्धा आणि येताना अर्धा दिवस जातो. म्हणजे दोन दिवसांच्या जेजूत एकच दिवस हाती. आणि जेजू हे गाडी भाड्याने घेऊन फिरायचं बेट आहे, बसची वाट बघत उभं राहायला गुडघे हवेत.

दुसरं, बुसान म्हणजे पुण्यासारखं गोल पसरलेलं शहर नाही. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात जिथे सपाट जागा सापडली तिथे वस्ती झाली. त्यामुळे नकाशात दोन ठिकाणं शेजारी दिसतात आणि मधे एक अख्खा डोंगर निघतो. हेउंदे पूर्वेच्या टोकाला, जागालचीचा मासळीबाजार आणि गामचॉनची रंगीत वस्ती पश्चिमेला, मेट्रोने तास सहज जातो. म्हणून 'सकाळी हे, दुपारी ते' असं न करता एक दिवस एक बाजू. पूर्वेचा दिवस, पश्चिमेचा दिवस, उत्तरेचा दिवस.

तिसरं, गुगल मॅप तिथे पायी चालायचा रस्ता धड दाखवत नाही. नेव्हर मॅप टाकून घ्या, इंग्रजीत चालतो. मुलीला अक्षरं वाचता येतात ना, मग तीच तुमची गाइड. टी-मनी कार्ड दुकानातून घ्यायचं, त्यात रोख पैसे भरायचे, मेट्रो बस सगळीकडे चालतं, सोलमध्येसुद्धा तेच. आणि बुसानच्या बसमध्ये चढल्या चढल्या आधी दांडा पकडायचा, मग कार्ड लावायचं. ड्रायव्हर थांबत नाहीत. आपल्या पीएमटीवाल्यांना तिथे संत म्हणतील.

बोरीबंदर
जेजू काढा म्हणणाऱ्यांचा निषेध! आम्ही दोन दिवसात केलंय आणि मस्त झालं. ज्वालामुखीचं विवर, लाव्हाची गुहा, संत्र्याच्या बागा. कोरियाला जाऊन जेजू न बघणं म्हणजे कोकणात जाऊन समुद्र न बघणं.

चांगवॉनकर
@बोरीबंदर, तुम्ही किती जण होता?

बोरीबंदर
मी आणि बायको. हनिमून.

सह्यभटका
मग तुम्ही जेजू बघितलं याला पुरावा काय?

बोरीबंदर
:)) निषेध मागे घेतो.

गोदाकाठची
जेजू काढलं. नवऱ्याने चहा करून दिला या आनंदात, त्यामुळे @चांगवॉनकर तुमचे आभार. पण मुलगी म्हणते जेजूचे दोन दिवस सोलला द्या. आणि मुख्य प्रश्न तसाच आहे, सासूबाई खाणार काय? पालेभाजीसुद्धा माशाच्या पाण्यात शिजवतात असं ऐकलंय, खरं आहे का?

कढीपत्ता
खरं आहे. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर समोर कोळंबीवालं येतं, कारण त्यांच्या लेखी ते मांस नाही. किमचीतही बहुतेक वेळा माशाचं खारवण असतं, त्यामुळे 'कोबीचं लोणचंच तर आहे' म्हणून खाऊ नका. तोफूचं लाल सूप दिसतं शाकाहारी, पाणी शिंपल्यांचं. 'गोगी प्पे जुसेयो' म्हणजे मांस काढून द्या, हे पाठ करा, पण त्याने निम्मीच लढाई जिंकता.

आम्ही काय केलं ते सांगते. तिथल्या कुठल्याही चोवीस तास दुकानात शिजवलेल्या भाताचे सीलबंद डबे मिळतात. दुकानातच मायक्रोवेव्ह असतो, दीड-दोन मिनिटांत वाफाळता भात. तो भात चिकट असतो, मोकळा नाही, म्हणजे मेतकुटासाठी जणू मुद्दाम केलेला. मी मेतकूट, लोणचं, दाण्याची चटणी नेली होती. हेउंदेच्या वाळूत बसून मेतकूट-भात खाल्लाय मी, समोर समुद्र, पाठीमागे साठ-सत्तर मजली बिल्डिंगी. आता घरी कालवला की तोच समुद्र आठवतो. मात्र ताजी फळं, बिया, मटणाचं काही बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात.

भोचक भवानी
म्हणजे कढीपत्ता नेता येत नाही. आयडी बदला.

कढीपत्ता
मला कोणी अडवलं नाही हो.

चांगवॉनकर
सासूबाईंच्या चातुर्मासाबद्दल मी एक सांगतो ते नीट ऐका. कोरियन बौद्ध मठातलं जेवण शाकाहारी तर असतंच, पण त्यात कांदा, लसूण, पात असल्या उग्र वासाच्या पाच गोष्टी वर्ज्य असतात. कारणही आपल्याकडचंच, मन चळतं म्हणे. म्हणजे एरवी लसणाशिवाय ज्या देशाचं पान हलत नाही त्याच देशात तुमच्या सासूबाईंच्या नियमाचं तंतोतंत जेवण आहे. 'साचाल उमशिक' म्हणजे मंदिराचं जेवण, हे नेव्हर मॅपमध्ये टाकलं की अशी हॉटेलं दिसतात. मोठ्या मठांमध्ये दुपारी साधं जेवणही असतं. भात, चार रानभाज्या, सोयाबीनच्या पेस्टचं पाणीदार सूप. आपली थाळी आपण धुऊन ठेवायची.

उत्तरेच्या दिवशी बॉमॉसा मठात जा. सातव्या शतकातला आहे, डोंगरात आहे, मेट्रोच्या एक नंबर लाइनवर स्टेशन आहे आणि तिथून बस वर जाते.

गोदाकाठची
हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघ, जगात शहाणी माणसं आहेत." मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मी इथे लिहीत नाही.

मालवणी_मेवा
शाकाहाराचं कीर्तन झालं असेल तर जरा मासळीबाजारात येऊया का? जागालची चुकवू नका, खायचं नसलं तरी. आतली मोठी इमारत आहे तिथे खाली मासे निवडायचे, भाव करायचा आणि वर नेऊन खायचे. वर बसायचे, सॉसचे वेगळे पैसे घेतात ते आधी विचारून घ्या, नायतर बिल बघून डोळे पांढरे. पण खरी मजा बाहेरच्या गल्लीत. लाल प्लॅस्टिकची घमेली, त्यात समुद्राचं पाणी सोडलेलं, पाण्यात ऑक्टोपस, शिंपले, समुद्रकाकडी आणि मागे बुटक्या स्टुलावर बसलेल्या आज्या. फुलाफुलाचं एप्रन, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर व्हायझर. एक आजी ईलसारखा मासा सोलत होती आणि शेजारणीशी भांडत होती, पूर्ण वेळ तोंड शेजारणीकडे. सुरीकडे एकदाही बघितलं नाही. मासा सोलून झाला, भांडण चालूच. माका वाटला मी मालवणच्या जेटीरच उभो आसंय.

चांगवॉनकर
@मालवणी_मेवा ती भांडत नसणार, गप्पा मारत असणार. बुसानची बोली तशीच. सोलवाले म्हणतात बुसानची माणसं 'जेवलास का' विचारतात तेही दम दिल्यासारखं. एक प्रसिद्ध वाक्य आहे, 'गागा गागा?' म्हणजे 'तोच का तो?' चारी अक्षरं एकच, सगळा खेळ सुरांचा. आमच्या कोल्हापूरच्या मित्राला बुसान फार आवडायचं, म्हणायचा इथे कोणी उगाच गोड बोलत नाही.

स्वरा_के
जागालचीच्या समोरच बिफ (BIFF, बुसानचा चित्रपट महोत्सव) स्क्वेअर आहे, तिथे शीआत होत्तॉक मिळतं. गरम तव्यावर भरपूर तेलात तळलेली पोळी, कात्रीने कापून आत साखर आणि सूर्यफुलाच्या वगैरे बिया भरून कागदी कपात देतात. गोड, शाकाहारी, पुरणपोळीची लांबची बहीण. सासूबाईंना चालेल. पण पहिला घास फुंकून घ्या, आतला पाक जीभ सोलतो. अनुभव आहे.

इतिहासाचा_तास
बुसानच्या विमानतळाशेजारीच गिमहे नावाचं शहर आहे, त्याच्याबद्दल कोणी कसं बोललं नाही? अयोध्येची राजकन्या समुद्रमार्गे तिथे गेली आणि तिथल्या गाया राज्याच्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं, इसवी सन ४८. तिचं नाव हॉ ह्वांग-ओक. गिमहेत राजाची समाधी आहे, तिची आहे, आणि समुद्र शांत व्हावा म्हणून तिने बोटीतून आणलेल्या दगडांचा छोटा स्तूप आहे. अयोध्येत तिचं स्मारकही बांधलंय. गिमहेचे किम आणि हॉ आडनावाचे लाखो लोक स्वतःला तिचे वंशज मानतात.

तर्कट
जरा थांबा. ही कथा ज्या 'साम्गुक युसा' ग्रंथात आहे तो तेराव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेला. त्यात 'आयुता' एवढंच आहे, अयोध्या हा नंतर लावलेला अर्थ. काही अभ्यासक थायलंडची अयुथ्या म्हणतात, पण ते शहरच चौदाव्या शतकातलं. काही जण दक्षिण भारताकडे बोट दाखवतात. दंतकथा म्हणून बघा, छान आहे. इतिहास म्हणून मुलीला सांगू नका.

इतिहासाचा_तास
@तर्कट, मी 'सिद्ध झालंय' असं कुठे म्हटलं? एवढे लोक ती आपली आजी मानतात, ही गोष्ट आजच्या दिवशी खरी आहे ना. तिथल्या माणसाला इंडिया म्हटलं की हे नाव तो स्वतःहून काढतो, मला दोनदा अनुभव आलाय.

तर्कट
तेवढं मान्य.

भोचक भवानी
काय हे! दोन प्रतिसादात मिटलं? या संस्थळाचा दर्जा घसरत चाललाय.

निवृत्त_नाना
मी गिमहेच्या राणीपेक्षा अलीकडचा संबंध सांगतो. १९५० साली कोरियन युद्ध सुरू झालं, सोल पडलं आणि बुसान ही तात्पुरती राजधानी झाली. देशभरातून निर्वासित आले आणि जागा नाही म्हणून डोंगरांच्या उतारावर झोपड्या चढत गेल्या. आज पर्यटक ज्या गामचॉनच्या रंगीत घरांचे फोटो काढतात ती वस्ती त्या काळात उभी राहिलेली आहे. रंग आणि चित्रं २००९ नंतरची. त्या युद्धात भारताने लढाऊ सैन्य पाठवलं नाही, वैद्यकीय पथक पाठवलं, ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स. ते नोव्हेंबर १९५० मध्ये याच बुसान बंदरात उतरलं. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज, त्यांना महावीर चक्र मिळालं.

शहरात संयुक्त राष्ट्रांची युद्धस्मशानभूमी आहे, जगात ही एकच. दोन हजार तीनशेच्या आसपास थडगी, कोवळ्या वयाची पोरं. हिरवळ, गुलाब, आणि शहराच्या मधोमध असून शांतता. मी गेलो तेव्हा एक शाळेची सहल आली होती, मुलं दंगा करत आली आणि आत शिरल्यावर आपोआप गप्प झाली. तासभर काढा. वाट सपाट आहे, सासूबाईंना त्रास नाही.

कढीपत्ता
नाना, हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली. तिथलं थंड नूडल्सचं मिल्म्यॉन याच काळातलं ना? उत्तरेकडच्या लोकांना त्यांच्या सवयीचं कुट्टूचं पीठ मिळेना, मदत म्हणून आलेला गहू मिळत होता, त्याचे नूडल्स केले.

निवृत्त_नाना
बरोबर. शाकाहारी नसतं पण, पाणी हाडांचं.

पेठेतला_पाहुणा
इतके प्रतिसाद झाले आणि एक साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही याचं आश्चर्य वाटतं. धागाकर्तीने सोलचा राजवाडा मंगळवारी ठेवला आहे. ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद असतो. बाकी चालू द्या.

गोदाकाठची
अरे देवा. मुलीने त्या दिवसासाठी हानबोक (कोरियन पारंपरिक पोशाख) भाड्याने घ्यायचं दुकानही शोधून ठेवलं होतं! पाहुणे, तुमचे उपकार.

पेठेतला_पाहुणा
हानबोक घातल्यास राजवाड्याचं तिकीट लागत नाही, ही माहितीही नोंदवून ठेवावी.

चांगवॉनकर
मग आता पूर्ण प्लॅनच उलटा मांडू. ग्योंगजूचा विषय निघायचाच आहे अजून. जवळपास हजार वर्षं शिल्ला राज्याची राजधानी होती ती. बुसानच्या नोपो स्टँडवरून बसने तास-सव्वा तास. बहुतेक लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात आणि तिथेच चुकतात, कारण ग्योंगजूची खरी मजा संध्याकाळी. वोल्जी तळ्यावर दिवे लागतात आणि पाण्यात राजवाड्याचं प्रतिबिंब, एवढं स्थिर की फोटो उलटा धरला तरी कळत नाही.

तर सोमवारी बुसान सोडा, रात्र ग्योंगजूत काढा. मंगळवारी दुपारी ग्योंगजूहूनच केटीएक्स (वेगवान रेल्वे) पकडून सोल, दोन तास. बुसानला परत यायची गरज नाही. फक्त ते स्टेशन गावाबाहेर आहे, टॅक्सीला वीस मिनिटं धरा. मंगळवारी संध्याकाळी सोल, बुधवारी राजवाडा आणि मुलीची खरेदी, गुरुवारी विमान. सोलमध्ये होंगदे भागात उतरा, विमानतळाची रेल्वे थेट तिथून जाते आणि मुलीला जे काय हवंय ते सगळं त्याच गल्ल्यांमध्ये आहे. आणि शुक्रवारी कंपनीचं हॉटेल सोडलं की सॉम्यॉनला शिफ्ट व्हा, तिथे एक आणि दोन नंबरच्या मेट्रो लाइन मिळतात, नोपोला थेट गाडी.

स्वरा_के
+१११ ग्योंगजूची रात्र. गावाच्या मधोमध राजांच्या समाधी आहेत, म्हणजे हिरव्यागार गवताच्या प्रचंड टेकड्या, आणि त्यांच्या बाजूने लोक संध्याकाळचे फिरत असतात. चॉन्माचोंग नावाच्या एकीच्या आत जाता येतं. आणि दहा वॉनच्या नाण्यावर जे देऊळ दिसतं ना, तो ग्योंगजूच्या बुल्गुक्सा मठातला दाबोताप स्तूप. तिथे त्या नाण्याच्या आकाराचा मोठा पाव विकतात, आत चीज, ओढलं की हातभर तार.

सह्यभटका
ग्योंगजूच्या सोक्कुरामबद्दल एक सावध करतो. डोंगरावर दगडी गुहेत बुद्ध आहे, आठव्या शतकातला, अप्रतिम. पण मधे काच आहे, फोटो काढू देत नाहीत आणि गर्दी असली की दोन मिनिटांत पुढे सरका. स्टँडपासून वीसेक मिनिटं चालायचं, वाट सोपी. मला ती झाडीतली वाट जास्त आवडली. माझं कायम असंच होतं, ती गोष्ट वेगळी.

स्वरा_के
आणि कोणीच बोलत नाहीये म्हणून मीच बोलते: जिमजिलबांग! गरम पाण्याची सार्वजनिक न्हाणी. बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि आत अंगावर काही म्हणजे काही घालायचं नाही. मी टॉवेल गुंडाळून दारात दहा मिनिटं उभी. तिथला टॉवेल नॅपकिनएवढा, म्हणजे काय झाकायचं ते आधी ठरवावं लागतं. शेवटी एक आजी आली, माझा हात धरला, एका नळासमोर नेऊन बसवलं आणि पाठ घासायला घेतली. मी काही बोलायच्या आत. लग्नात हळद लावताना सुद्धा कोणी एवढं घासलं नव्हतं. नंतर टी-शर्ट चड्डी घालून सगळे एकत्र गरम जमिनीवर लोळतात, भाजलेली अंडी खातात, शिके नावाचं तांदळाचं गार गोड पाणी पितात. बाहेर आले तेव्हा हाडं नव्हती अंगात.

भोचक भवानी
सासू-सून एकत्र जिमजिलबांगला. या प्रवासवर्णनाची मी देव पाण्यात ठेवून वाट बघते.

गोदाकाठची
@भोचक भवानी शक्यच नाही!! आधी सांगून ठेवते.

चांगवॉनकर
मधला मार्ग आहे. बुसानमधल्याच दोंगनेच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ उघड्यावर पाय बुडवून बसायची जागा आहे, फुकट. कपडे घालूनच. फक्त रुमाल न्या पाय पुसायला.

गोदाकाठची
*(सव्वा महिन्यानंतर)*
मंडळी, आलो! दिवाळी, पाहुणे, युनिट टेस्ट सगळं मधे आलं म्हणून उशीर झाला. प्लॅन जवळजवळ चांगवॉनकरांचाच ठेवला. फसलेलं आधी सांगते.

हेउंदेच्या समुद्राकाठची छोटी छोटी कॅप्सूलची गाडी, तिचं बुकिंग आधी करायचं असतं हे माहीत नव्हतं. गेलो तर दिवसभराची तिकिटं संपलेली, मुलीचं तोंड एवढंस्सं. खालच्या रुळावरच्या बीच ट्रेनमध्ये बसलो, त्यात सगळ्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून, सासूबाईंना तीच जास्त आवडली. शनिवारी ग्वांगअल्लीच्या किनाऱ्यावर ड्रोन शो बघायला दीड तास वाळूत बसलो आणि वाऱ्यामुळे रद्द. समोरचा समुद्रावरचा पूल मात्र दिव्यांनी झगमगत होता, आणि शेजारच्या मुलांनी फटाक्याच्या काड्या आणल्या होत्या त्यातली एक सासूबाईंना दिली. एका हॉटेलात मांस नको, मासा नको, अंडं नको, लसूण नको एवढं मुलीने कोरियनमध्ये सांगितल्यावर बाईंनी थोडा विचार केला आणि पांढरा भात, मीठ आणि समुद्री शेवाळाचे कागद आणून ठेवले. पैसे घेतले नाहीत. मेतकूट पिशवीत होतंच. @कढीपत्ता, जय हो.

हेदोंग योंगगुंगसा, समुद्राच्या खडकावरचं देऊळ, तिथे खाली उतरायला १०८ पायऱ्या. मी म्हटलं आई तुम्ही वरच थांबा. त्या म्हणाल्या एकशे आठ म्हणजे जपमाळच की. आणि कठडा धरून एकेका पायरीवर नाव घेत उतरल्या. आम्ही खाली पोचून फोटो काढून झाले तरी त्या साठाव्या पायरीवर. वर चढताना मात्र रामाचं नाव राहिलं बाजूला आणि माझं नाव घेतलं.

गामचॉनला बस वरपर्यंत जाते, वरून खाली उतरत बघितलं म्हणून निभावलं. पण नानांनी लिहिलेलं डोक्यात होतं त्यामुळे चित्रांपेक्षा त्या दोन घरांमधल्या फुटाएवढ्या फटी, पाण्याच्या टाक्या, दोरीवर वाळत घातलेले मोजे, तेच बघत राहिले. लोक राहतात तिथे. स्मशानभूमीत तासभर म्हणून गेलो आणि दोन तास बसलो.

बॉमॉसाला जेवलो. सासूबाई दोन वेळा वाढून घेत्या झाल्या. थाळी धुताना शेजारच्या भिक्षुणीने त्यांच्या हातातून घ्यायचा प्रयत्न केला, यांनी दिली नाही.

भोचक भवानी
आणि? मुख्य मुद्द्यावर या.

गोदाकाठची
येते. दोंगनेला पाय बुडवायला गेलो. वर्तुळात दगडी बाकं, मधे वाफाळतं पाणी, सगळ्या तिथल्या म्हाताऱ्या. सरकून जागा दिली. सासूबाईंनी नऊवारी नाही तर पाचवारी तरी गुडघ्यापर्यंत खोचली आणि पाय सोडले. पाच मिनिटांनी बघते तर शेजारची आजी आपल्या गुडघ्यावरचा ऑपरेशनचा व्रण दाखवतेय, उजवा, मग डावा. सासूबाई मराठीत: "दोन्ही केले? एकदम की वेगवेगळे?" ती कोरियनमध्ये काहीतरी, बोटांनी दोन वर्षं. सासूबाई: "मग आता मांडी घालता येते का?" तिने मान हलवली, नाही. मुलगी भाषांतर करायला पुढे झाली तर दोघींनी तिला हाताने गप्प केलं. पाऊण तास! निघताना त्या आजीने पिशवीतून एक पर्सिमन काढून हातात ठेवलं. यांनी लाडूची पुडी दिली.

आणि सोलच्या बुधवारी, मुलगी राजवाड्यात हानबोक घालून फिरत असताना, ज्या बाईंनी 'मला कुठेही बसवा' म्हटलं होतं त्यांनीच विचारलं, "परत जाऊन गुडघ्याचं करून घ्यावं का गं?" पाच वर्षं डॉक्टर सांगतायत, मुलगा सांगतोय. जानेवारीतली तारीख मिळालीये.

(जिमजिलबांगला मी गेले. एकटी. अधिक विचारू नये.)

सह्यभटका
दंडवत. सासूबाईंना.

निवृत्त_नाना
ऑपरेशन झाल्यावर व्यायाम चुकवू नका म्हणावं. माझे दोन्ही झालेत. विपूत (विचारपूस) लिहितो.

बोरीबंदर
तरी जेजू राहिलंच. :)

पेठेतला_पाहुणा
सदर हॉटेलाने भाताचे पैसे घेतले नाहीत हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे पाण्याचेही लावले असते, हे आम्हीच म्हटलेलं बरं.

कढीपत्ता
ताई, दहा वॉनचं नाणं आणलं असेल तर एखादं द्याल का? धाकट्याला नाणी जमवायचा नाद आहे, @स्वरा_केंनी लिहिल्यापासून मागे लागलाय.

गोदाकाठची
एकच आहे, ग्योंगजूच्या सुपरमार्केटात सुट्ट्यांमध्ये आलेलं. पण त्यावर देऊळ आहे म्हणून सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवलंय, बाळकृष्णाच्या शेजारी, रोज हळद-कुंकू लागतं. मागायची हिंमत तुम्ही करा, नंबर विपूत देते.